पन्ह्याची दुपार

एकदा एक गृहिणी आपल्या गुरूकडे एक विलक्षण मागणी घेऊन गेली. तिला असा एखादा पदार्थ शिकायचा होता, की जो खाल्ल्यावर आलेली माणसे उठून जाणार नाहीत.

तिचे नाव कालिंदी. नदीकाठच्या एका लहानशा गावात ती राहत असे. पती गावाचे वैद्य. स्वभावाने सरळ, बोलण्यात मोजके. दोन्ही मुली सासरी गेलेल्या. घर मोठे, स्वच्छ आणि शांत. कालिंदीच्या हाताला अशी चव होती, की तिच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास सुटला की रस्त्याने जाणारा माणूस क्षणभर थबकत असे. ही चव तिला आयती मिळाली नव्हती. त्या गावात रंगनाथतात्या नावाचे एक वृद्ध आचारी होते. आयुष्यभर त्यांनी शेकडो लग्नांच्या, मुंजींच्या पंगती उठवल्या होत्या. उतारवयात त्यांनी एकाच व्यक्तीला आपली विद्या दिली, ती कालिंदीला. सहा वर्षे ती त्यांच्याकडे शिकली. पाक कोणत्या क्षणी उतरवावा हे ती केवळ त्याच्या आवाजावरून ओळखू लागली, तेव्हा तात्या म्हणाले, "आता माझ्याकडे तुला देण्याजोगं काही उरलं नाही."

दरवर्षी वैशाखात, कडुनिंबाची सावली बुंध्याशी गोळा होऊन बसते अशा कडक दिवसांत, कालिंदी गावातल्या बायकांना निरोप धाडत असे : "अमुक दिवशी दुपारी पन्ह्याला या." नाव पन्ह्याचे, पण बेत राजेशाही. आम्रखंड, खांडवी, दहीवडे, कैरीची डाळ, तीन तऱ्हेची सरबते, आणि कलिंगडाच्या फोडी तर कमळाच्या पाकळ्यांसारख्या कोरलेल्या. दारे-खिडक्यांना ती वाळ्याचे पडदे लावी आणि त्यांवर पाणी शिंपडी. बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून बायका आत आल्या, की त्यांना वाटे, आपण एखाद्या डोहाच्या तळाशी येऊन बसलो आहोत. हिरवट अंधार, ओल्या मुळांचा सुगंध, पडद्यावरून फरशीवर टपटपणारे थेंब. काही क्षण कुणी बोलतही नसे.

मग ताटे येत. स्तुती होई. "वैद्यीणबाई, तुमच्या हाताला तोड नाही हो!" कुणी मदतीला उठू लागली, की कालिंदी तिला खांद्याला धरून खाली बसवी. "तुम्ही बसा. तुम्ही पाहुण्या आहात." आणि एखादा तास होतो न होतो तोच कुणीतरी पदर सावरून म्हणे, "चला, निघते आता." एक उठली की सगळ्या उठत. चार वाजायच्या आत घर रिकामे होई. भांडी घासून झाली, की इथे कुणी आले होते याची खूणसुद्धा उरत नसे. कालिंदी एकटीच बसून पडद्याचे थेंब ऐकत राही.

त्या वर्षी तिने निरोप धाडले, तेव्हा एकीची लेक बाळंतपणाला आली होती, दुसरीच्या घरी पापड वाळत होते, तिसरी म्हणाली, "जमलं तर येते." पण कालिंदीच्या मनाला खरी टोचणी लागली ती सगुणेच्या उत्तराने.

सगुणा तिची माहेरची मैत्रीण. दोघी एकाच गल्लीत वाढल्या, एकाच विहिरीवर पोहायला शिकल्या, आणि दैवयोगाने लग्न होऊन एकाच गावी आल्या. कालिंदी वैद्यांच्या घरी पडली आणि सगुणा नदीच्या पात्रात कलिंगडे लावणाऱ्या घरात. उन्हाळ्यात नदी आटून एका काठाला सरकली, की सगुणा वाळूत खोपटे बांधून राही आणि वेल राखी. इतकी वर्षे ती न चुकता पन्ह्याला येत असे. गेल्या वर्षी मात्र ती सगळ्यांच्या आधी उठून गेली, आणि त्यानंतर तिने कालिंदीचा उंबरा ओलांडला नव्हता. एकदा बाजारात गाठ पडली, तर ती लांबूनच हसली. गावातल्या मोठ्या घरच्या बाईकडे पाहून हसावे, तसे ते हसणे होते. आणि या वर्षीच्या निमंत्रणाला तिने कळवले होते, "बघते. वेलांना पाणी द्यायचं असतं."

त्या दोन वाक्यांनी कालिंदी रात्रभर तळमळली आणि सकाळी उठून तात्यांकडे गेली.

तात्या घाटाजवळच्या एका खोलीत राहत. वय ऐंशीच्या पुढे. हजारोंना जेवू घातलेला हा माणूस आता दोन्ही वेळा नुसता दहीभात खात असे. कालिंदी आली तेव्हा ते ओसरीवर बसून निंबाचा मोहोर गळताना पाहत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"पदार्थ हवाय म्हणतेस," ते म्हणाले. "माणसं धरून ठेवणारा."

"हो तात्या. मी सगळं करते. काही कमी पडू देत नाही. तरी कुणी थांबत नाही माझ्याकडे. कुठेतरी चुकतंय. चवीत असेल, नाहीतर वाढण्यात."

मोहोराचे बारीक पांढरे कण तात्यांच्या गुडघ्यावर येऊन बसत होते.

"गेल्या वर्षी तुझ्याकडे कोण काय घेऊन आलं होतं?" त्यांनी अचानक विचारले.

"म्हणजे?"

"बायका कुणाच्या घरी रिकाम्या हातांनी जात नाहीत. कुणी काय आणलं होतं?"

कालिंदीने आठवून पाहिले. कुणाच्या ताटात किती खांडव्या वाढल्या हे तिला सांगता आले असते. पण कुणी काय आणले होते, हे काही केल्या आठवेना.

"लक्षात नाही," ती म्हणाली.

"बरं. या खेपेला मी येईन. पण त्या दिवशी मी सांगेन तसंच करायचं. मध्ये बोलायचं नाही. कबूल?"

गुरूने आपण होऊन येतो म्हणावे, यापरते भाग्य कोणते? ती आनंदाने कबूल झाली.

ठरलेल्या दिवशी तात्या काठी टेकत टेकत माध्यान्हीला आले. स्वयंपाकघरात त्यांनी नजर फिरवली. कालिंदी पहाटेपासून राबली होती. आम्रखंड घोटून तयार होते, खांडवीच्या वड्या एकसारख्या कापल्या होत्या, दहीवडे भिजत होते.

"हे सगळं घाटावरच्या धर्मशाळेत पाठवून दे," तात्या म्हणाले. "तिथे वाटसरू उतरलेत. उन्हाचे आलेत बिचारे."

कालिंदीला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "तात्या, बायका येतील आता घटकाभरात!"

"मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं."

तिने ओठ मिटले. शेजारच्या गड्याला बोलावून पातेली धर्मशाळेत रवाना केली. तात्यांनी विचारले, "कैऱ्या आहेत ना?"

"उकडून ठेवल्यात पन्ह्याला. सोलायच्या आहेत."

"राहू देत तशाच. डाळ?"

"भिजली आहे. वाटायची आहे."

"तीही राहू दे. नारळ फोडू नकोस. गूळ चिरू नकोस. सगळं असंच नेऊन माजघरात मांड. पाटा, विळी, परात, सगळं. आणि तू तिथे त्या खांबाला टेकून बस. मी सांगेपर्यंत हात मांडीवरून हलवायचा नाही."

कालिंदीचे डोळे भरून आले. जिच्या घरी कधी पाण्याचा पेलासुद्धा मागावा लागला नाही, तिच्या घरी आज गावाने येऊन सालीसकटच्या कैऱ्या पाहाव्यात? पण शब्द दिला होता. ती खांबाशी बसली. वाळ्याचे पडदे ओले होते. हिरवा अंधार दाटला होता. आणि त्या अंधारात परातीतल्या कैऱ्या पाण्यातल्या दगडांसारख्या निमूट पडल्या होत्या.

पहिल्या आल्या सोनारांच्या अंबूताई. सत्तरीच्या, कान थोडे जड. मग आणखी चौघी-पाचजणी आल्या. उन्हातून आत येऊन डोळे सरावले, तशा त्या माजघरातला पसारा पाहून चपापल्या.

"अगंबाई, आम्ही लवकर आलो की काय?"

कालिंदीने मान खाली घातली. तात्या कोपऱ्यातल्या पाटावरून शांतपणे म्हणाले, "लवकर नाही, वेळेवर आलात. आज कालिंदीला मी काम करू द्यायचं नाही असं ठरवलंय. पन्हं प्यायचंय ना? कैऱ्या तिथे आहेत."

कुणी हलले नाही. तो क्षण कालिंदीला युगासारखा वाटला. पडद्याचा एक थेंब पडला, मग दुसरा. बायका एकमेकींकडे पाहत होत्या. अंबूताईंना काही ऐकू गेले नव्हते. त्यांनी पाहिले ते एवढेच, की कैऱ्या उकडलेल्या आहेत आणि सोललेल्या नाहीत. त्या परातीपाशी जाऊन बसल्या, बाह्या सारल्या आणि एक कैरी हातात घेतली. साल अलगद सुटली.

"छान शिजल्यात," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "आमच्या सासूबाई यात मिऱ्याची पूड घालायच्या."

"पन्ह्यात मिरी?" दुसरी हसली. "वेलदोडा घालतात, अंबूताई!"

"काय म्हणालीस?"

"वेलदोडा!"

"वेलदोडा सगळेच घालतात गं. मिरी घालून बघ एकदा."

तिसरी म्हणाली, तिच्या माहेरी पन्ह्यात गूळही नाही नि साखरही नाही, नुसते मीठ आणि भाजलेले जिरे असते. चौथीने तोंड वाकडे केले. वाद सुरू झाला, आणि वादाबरोबर हात सुरू झाले. कुणी पाट्यापाशी बसली, कुणी नारळ फोडायला घेतला, तो फुटेना म्हणून दोघी हसून हसून बेजार झाल्या. शेवटी पन्हे तीन निरनिराळ्या पातेल्यांत करायचे ठरले. कैरीचा आंबट-गोड वास, पाट्यावर भरडल्या जाणाऱ्या डाळीची घरघर आणि पाच-सहा बायकांचे एकदम बोलणे, यांनी ते माजघर भरून गेले. कालिंदी ऐकत होती. या बायका तिच्या घरी वर्षानुवर्षे येत होत्या. पण अंबूताईंच्या सासूबाई पन्ह्यात मिरी घालत हे तिने आज प्रथमच ऐकले. समोर बसलेल्या एका शेजारणीला मोठ्याने हसताना तिने कधी पाहिलेच नव्हते. हे सगळे खरे आहे की उन्हामुळे आपल्याला झापड आली आहे, असा तिला संभ्रम पडला.

"गूळ पुरत नाही," कुणीतरी म्हणाले. "आणखी कुठे आहे?"

"वरच्या फळीवर," कालिंदी बसल्या जागेवरून म्हणाली.

एक उंच बाई फळीवर चाचपडू लागली. गुळाच्या डब्यामागून तिच्या हाताला एक फडक्याची पुरचुंडी लागली. तिने ती खाली काढली. "हे काय आहे? कुणाची ही पुरचुंडी?"

गाठ सोडली. आत सातूचे पीठ होते. एका वर्षाचे जुने. पिठाला जाळी धरली होती, आणि खमंग भाजल्या धान्याच्या वासाच्या जागी एक कुबट वास आला.

कालिंदीने ते फडके ओळखले. निळ्या काठाचे, सगुणेच्या जुन्या लुगड्याचे. आणि मग, वाळ्याचा पडदा बाजूला व्हावा आणि ऊन आत यावे, तसा तो क्षण तिच्यासमोर लख्ख उभा राहिला. सगुणा दारात उभी. कपाळावर घाम, पायांना वाळू. पदराखालून पुरचुंडी काढून म्हणते आहे, "सातू आणलाय गं. काल भाजून दळला. लहानपणी तुला आवडायचा." आणि आपण ती हातातून घेऊन घाईघाईने म्हणतो आहोत, "अगं, कशाला आणलंस? आज इतकं काय काय केलंय मी!" आणि फळीवर टाकून आम्रखंडाकडे वळतो आहोत.

माजघरातले बोलणे थांबले होते. सगळ्यांनाच कळले असावे. कदाचित प्रत्येकीला आपण आणलेली एखादी पुरचुंडी आठवली असावी.

कालिंदीने तात्यांकडे पाहिले. "उठू का?" तिने विचारले.

तात्यांनी होकाराची मान हलवली.

ती उठली आणि तशीच बाहेर पडली. पायांत वहाणा होत्या एवढेच. डोक्यावर पदर, हातात काही नाही. तिसऱ्या प्रहराचे ऊन नदीच्या पात्रावर थरथरत होते. वाळू इतकी पांढरी होती, की चालताना आपण ढगावरून चाललो आहोत असे तिला वाटले. दूरवर कलिंगडाचे वेल हिरव्या रेघांसारखे दिसत, आणि त्यांच्या पलीकडे पाणी आहे असा भास होई. जवळ जावे तो पाणी मागे सरके. खोपट्याच्या सावलीत एक आकृती बसली होती. कालिंदी जवळ आली, तशी ती उभी राहिली.

"तू?" सगुणा म्हणाली. "एवढ्या उन्हात? काय झालं? वैद्यबुवा बरे आहेत ना?"

"बरे आहेत." कालिंदी खोपट्याच्या सावलीत आली. मग ती म्हणाली, "सगुणे, मला तहान लागलीय. भूकही लागलीय."

सगुणेने तिच्याकडे नीट पाहिले. ती आत गेली. माठातले पाणी आणले. मग एका वाडग्यात सातूचे पीठ घेतले, गुळाचा खडा कुस्करला, पाणी घातले आणि बोटांनी कालवले. वाडगा कालिंदीच्या हातात दिला. कालिंदी खाली वाळूवर बसली आणि खाऊ लागली. भाजल्या गव्हाचा, डाळ्याचा, किंचित सुंठीचा तो खरपूस स्वाद जिभेवर पसरला, आणि माहेरच्या विहिरीच्या काठावर ओल्या परकराने बसलेल्या दोन मुली तिला दिसल्या. तिच्या डोळ्यांतले पाणी वाडग्यात पडले. तिने ते पुसले नाही.

"मागल्या वर्षीचा तुझा सातू मी खाल्लाच नाही गं," ती म्हणाली. "फळीवर विसरले. आज सापडला. खराब झाला होता."

सगुणा वेलाकडे पाहत राहिली. "मला वाटलंच होतं."

"तू माझ्यावर रुसलीस."

"रुसले असते तर भांडायला आले असते," सगुणा हळूच म्हणाली. "मी रुसले नाही, कालिंदी. मला वाटलं, तुझ्या घरात आता माझं काही कामच उरलं नाही. तुझ्याकडे सगळं आहे. मी येऊन नुसतं खाऊन जायचं, असं किती दिवस चालायचं? देवळात गेल्यावरसुद्धा माणूस एक फूल तरी वाहतं. आणि ते तुझ्याकडचं कोरलेलं कलिंगड! ते माझ्याच वाडीचं होतं, ठाऊक आहे तुला? इतकं देखणं केलं होतंस, की मलाच ओळखता येईना."

कालिंदीने वाडगा चाटूनपुसून रिकामा केला आणि पुढे धरला. "आणखी दे."

सगुणा हसली. या खेपेला ते हसणे जवळचे होते.

थोड्या वेळाने दोघी उठल्या. सगुणेने वेलावरून एक कलिंगड खुडले, बोटाने टिचकी मारून ऐकले, खांद्यावर घेतले. वाटेत कालिंदी म्हणाली, "मी धरू का?" सगुणा म्हणाली, "हं, धर. मी दमले," आणि ते जड, ऊन लागलेले फळ तिच्या हातांत दिले. अशी अदलाबदल करीत त्या गावात आल्या.

घरात शिरताना कालिंदीला वाटले होते, आता सगळ्या गेल्या असतील. उन्हे कलली होती. पण माजघरातून बोलणे ऐकू येत होते. कुणी गेले नव्हते. तीन पातेल्यांपैकी दोन रिकामी झाली होती. अंबूताईंचे मिऱ्याचे पन्हे जिंकले होते म्हणे. कैरीची डाळ थोडी जाडसर वाटली गेली होती, फोडणीत मिरच्या जास्त पडल्या होत्या, आणि सगळ्याजणी हाय-हुय करीत ती पुन्हा पुन्हा वाढून घेत होत्या. सगुणेला पाहताच दोघीतिघींनी सरकून जागा केली. तिने पाटाच्या कडेवर कलिंगड आपटून फोडले, हातांनीच तुकडे तोडले आणि जिच्या तिच्या हातात दिले. लाल रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. कुणी ताट मागितले नाही.

कालिंदी तात्यांपाशी जाऊन बसली.

"तात्या," ती हळूच म्हणाली, "सहा वर्षं तुम्ही मला पाक, तार, फोडणी, सगळं शिकवलंत. हे का नाही शिकवलंत?"

वृद्धाने आपल्या हातांकडे पाहिले.

"मलाच येत नव्हतं," ते म्हणाले. "माझी पत्नी पार्वती. तिला स्वयंपाकाची आवड होती. पण मी घरी असलो, की चुलीपाशी तिला येऊ देत नसे. म्हणायचो, तू बस, माझ्या हातचं खा. मला वाटे, मी तिला सुख देतोय. ती दारात बसून माझ्या हातांकडे बघत राही. ती गेल्यावर एक दिवस मला तिच्या हातची भाकरी आठवावीशी वाटली. कालिंदी, मला चव आठवेना. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्या हातचं पोटभर असं कधी जेवलोच नव्हतो."

बायकांचा गलका चालूच होता.

"जो फक्त देतच राहतो, तो समोरच्याला नकळत याचक करून टाकतो. माणसाला पोट असतं तसे हातही असतात, बाळ. आपण पाहुण्याचं पोट भरतो आणि त्याचे हात रिकामे ठेवतो. मग तो पोट भरल्यावर उठून जातो. त्याचं तिथे थांबण्याचं दुसरं कारण काय? म्हणून आतिथ्यात थोडं अपुरं ठेवावं. कैरी सोलायची राहू द्यावी, गूळ चिरायचा राहू द्यावा. त्या अपुरेपणातून माणूस आत येतो. मी तुला परिपूर्ण करायला शिकवलं आणि तुझ्या घराचं दार बंद करून टाकलं. आज ते उघडायला आलो होतो. उशीर झाला असेल, असं भय होतं मला."

कालिंदीने त्यांचे पाय धरले. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऊठ. आणि मला त्या म्हातारीचं पन्हं आण थोडं. मिरीचं. मी आजवर प्यालो नाही."

ती उठू लागली, तोच सगुणेने तिला खांद्याला धरून खाली बसवले. "तू बस. पार नदीत येऊन गेलीस. मी आणते."

कालिंदी खांबाला टेकली. आता हात हलवू नकोस असे कुणी तिला बजावले नव्हते. हात मात्र आपोआप मांडीवर विसावले. सकाळपासूनचा शीण, वाळूतले ऊन, पोटातला गार सातू, सगळे एकत्र होऊन तिच्या पापण्यांवर उतरले. स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. कुणीतरी डबे उघडून साखर शोधत होते, चुकीचा डबा उघडून हसत होते. बोलणी दूर गेली, मग जवळ आली, मग पाण्याखालून आल्यासारखी मऊ झाली. तिला वाटले, आपण लहान आहोत, विहिरीत पाठीवर तरंगत आहोत, आणि काठावर बायका बोलत आहेत.

"झोपली बघ," अंबूताईंचा मोठा आवाज आला.

"हळू बोला, ताई."

"काय म्हणालीस?"

कुणीतरी तिच्या डोक्याखाली उशी सरकवली. कुणीतरी उठून पडद्यावर पुन्हा पाणी शिंपडले. वाळ्याचा गार, ओला सुगंध घरभर पसरला. कालिंदीला ते सारे अर्धवट कळत होते. तिने डोळे उघडले नाहीत. आयुष्यात प्रथमच तिच्या घरी पाहुणे होते आणि ती निर्धास्त झोपली होती.

आपल्या घरी कुणी येणार असेल, तर सगळे करून ठेवावे. फक्त एखादे काम त्यांच्यासाठी राहू द्यावे.